वळचणीतले बिऱ्हाड

आषाढ संपता संपता आमच्या घराच्या वळचणीला एक नवे बिऱ्हाड आले. भाडे नाही, अनामत नाही, विचारणे तर नाहीच! न्हाणीच्या दारावर, टिनाखालच्या फाट्याला रुपयाएवढे करडे पोळे लटकू लागले. आईने पाहिले, मीही पाहिले. पण मला द्वितीय वर्षाच्या प्रवेशाच्या कागदपत्रांची चिंता होती आणि आईला निंदणाची. श्रावणात ते पोळे वाटीएवढे झाले आणि एका सकाळी अंघोळीला निघालेल्या माझ्या धाकट्या भावाच्या पापणीला गांधीलमाशीने दंश केला.

डोळा सुजून मिटला. आजीने चुना शोधला, शेजारणीने कांदा, मी गार पाण्याची घडी ठेवली. कशाने बरे वाटले देव जाणे; पोर रडून थकले एवढे खरे. मी मात्र त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवून बसले होते. एखाद्याला हे विष मानवत नाही. अंगभर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, दम लागतो. तसे झाले तर चुना-कांदा सोडून थेट दवाखाना गाठावा लागतो.

संध्याकाळी बाबा मजुरीवरून आले. सारे ऐकून घेतले आणि पेटीमागून एक बाटली काढली. "कपाशीचं औषध हाय थोडंसं. एका फवाऱ्यात खलास करतो."

मी आयुष्यात प्रथमच बाबांना "नाही" म्हणाले.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या शेकडोंत माझे काका होते. मी तेव्हा पाचवीत होते. काका घरी परतले, पण नजर पूर्वीची राहिली नाही. एस.टी.ची पाटी ते मला वाचायला लावतात. लोकांना वाटते, पुतणी शिकली म्हणून कौतुक चालले आहे! तेच औषध न्हाणीच्या दारावर, पाण्याच्या रांजणापासून चार हातांवर मारायचे?

बाबा बाटली हातात धरून उभे होते. "मंग तुया कालेजात काय सांगतेत? माशीले हात जोडा म्हून?"

कॉलेजात खरे तर काहीच सांगत नाहीत. मी कला शाखेची. मला ज्ञानेश्वरकालीन मराठी येते, माशी येत नाही. मी चार दिवसांची मुदत मागितली आणि ग्रंथालयात जाऊन बसले. जे वाचले त्याने मी माशीच विसरले. लाकडाचा भुगा चावून, लाळेत कालवून ही बाई चक्क कागद करते आणि त्याचे घर बांधते. दंश फक्त माद्या करतात. मधमाशीची नांगी काटेरी असल्याने आपल्या कातडीत अडकून राहते, हिची गुळगुळीत, म्हणून ही पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या एका जातीचा कित्येक दशके अभ्यास केला. त्या जातीची राणी अगदी गरीब स्वभावाची. तिला काढून घेतले की एक कामकरी एकाएकी भांडखोर होते, सगळ्यांना दटावू लागते, आणि गादी मिळाली की काही दिवसांत तीही शांत! (आमच्या आत्याबाईंविषयी मी येथे काही लिहीत नाही.)

घरी मी सांगितले की ही माशी पिल्लांना अळ्या खाऊ घालते. बाबांचे कान टवकारले. "बोंडअळी बी?" बोंडात शिरलेली अळी तिला कुठून सापडणार! मी खरे तेच सांगितले. त्यांचा चेहरा पडला.

उपाय मात्र पुस्तकापेक्षा आजीकडेच अधिक निघाला. दिवेलागणीनंतर सगळ्या माश्या पोळ्यावर येऊन निवांत होतात, तेव्हा पोरांना आत कोंडून आजीने घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, वर कडुनिंबाचा ओला पाला टाकला. ती घोंगडी पांघरून, मी आईचे जुने लुगडे. धूर चढला तशा माश्या पोळे सोडून गेल्या. लांब काठीने मी पोळे पाडले. एकही माशी चिरडायची नाही, हे मी वाचून ठेवले होते. पुष्कळ जातींत चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या चवताळतात. पोळे ज्या बारीक देठाने लटकते तो देठ खरवडला, टिनाची भोके, बांबूची तोंडे शेणामातीने बुजवली. गुळाच्या डब्याला झाकण आले. न्हाणीपुढे पाणी साचत होते, तेथे चर काढला, कारण माश्या पाण्यावरही येतात.

माश्या हटल्या का? तिसऱ्या दिवशी एक परत आली आणि त्याच फाट्याला देठ चिकटवू लागली. खरवडला. पुन्हा आली. असे तीनदा झाले. देठाएवढे असतानाच काढले तर धूरही लागत नाही, भीतीही नाही. चुकले ते आषाढात, रुपयाएवढे असताना. गोठ्यामागच्या बाभळीवर मोठे पोळे आहे, ते आम्ही तसेच ठेवले आहे. तिकडे कुणी जात नाही, आणि दगड मारणाऱ्या पोरांना आजी शिव्या देते.

आता रोज रात्री बाबा बॅटरी घेऊन वळचण पाहतात. मला काही म्हणत नाहीत. बाटली पेटीमागे नाही, हे मला परवा कळले. सोमवारी बाबांना दुसऱ्याच्या शेतात फवारणीला बोलावले होते. निघताना त्यांनी ती पिशवीत घातली, पंप पाठीवर घेतला. मी माझी ओढणी तोंडाला बांधायला दिली. ती त्यांनी घेतली.