पाझरणारा हौद

लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला आमच्या जुन्या घरामागे कमळांचा एक हौद होता आणि तो गळायचा. त्या काळी आसपासच्या बंगल्यांतले बहुतेक हौद थोडेफार गळायचेच. मुंबईची शेटमंडळी मे महिन्यात हवापालटाला यायची, म्हणून चैत्र सरता सरता गवंड्याला निरोप जायचा. त्या गवंड्याची काम करायची रीत मला अजून लख्ख आठवते, कारण सुरुवातीचे काही दिवस तो थापीला हातच लावत नसे.

आधी हौद काठोकाठ भरायचा. आतल्या भिंतीवर कोळशाने रेघ मारायची. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, तिच्यातही तशीच खूण. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढं उन्हानं नेलं, त्याहून जास्त उतरलं ते गळतीचं. मग वाट बघायची. पाणी रोज खाली जायचं आणि एका पातळीला येऊन थबकायचं. भेग त्याच रेषेच्या आसपास असणार, हे तिथंच ठरायचं. पाणी थबकलंच नाही, तर दोष तळात. नेमकी जागा शोधायला वारा पडलेल्या सकाळी तो ओंजळभर भाताचं तूस पाण्यावर सोडायचा आणि काठावर उकिडवा बसून राहायचा. तूस हळूहळू एका कोपऱ्याकडे ओढ घ्यायचं. "पानी कुठं पळतंय ते पान्यालाच इचारायचं, तात्या," असं तो आजोबांना सांगायचा. आम्हा पोरांना तेव्हा पाण्यात हात घालायची बंदी असे.

भेग सापडली की चुना. विरवलेला चुना आधीच खड्ड्यात पाण्याखाली मुरत पडलेला असायचा. त्यात सुरकी, म्हणजे विटांची भुकटी, थोडं गुळाचं पाणी, हिरडा भिजवलेलं पाणी. सुरकीमुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो. नुसत्या चुन्याला त्यासाठी हवा लागते. चुन्याचा आणखी एक गुण मला मोठेपणी कळला आणि त्या गवंड्याबद्दलचा आदर दुणावला. केसाएवढी चीर पडली, तर तिच्यातून झिरपणारं पाणी थोडा चुना विरघळवून नेतं आणि तोच चुना पुढे त्या चिरेत साचून ती बुजवतो. म्हणून चुन्यातलं जुनं काम पहिल्या पावसात जरा पाझरायचं आणि मग आपोआप थांबायचं.

तळाचं काम मात्र मातीचं. भातखाचरातली चिकण माती आणून, भिजवून, थरावर थर देत पायांनी तुडवायची, आणि त्या कामाला आम्ही सगळी पोरं. मावळातल्या माणसाला हे शिकवावं लागत नव्हतं. आषाढात लावणीआधी खाचरात चिखलणी होते, तेव्हा हेच तर घडतं: मातीची ढेकळं मोडतात, बारीक छिद्रं बुजतात आणि पाणी खाली न जाता रोपांच्या पायाशी उभं राहतं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं दिलेला इंद्रायणी तांदूळ आज घरोघरी शिजतो, तोही या चिखलणीच्या जोरावर. हौदाच्या तळाला फक्त एक पथ्य असायचं, तो कोरडा पडू द्यायचा नाही. वाळला की तडकला.

आता तुंगार्लीत आणि खाली पवन मावळात बंगल्यांचे व्हिला झाले आहेत. तळं गळतंय म्हटलं की माणूस मोबाइलवर फोटो मागवतो आणि संध्याकाळपर्यंत दर कळवतो: एपॉक्सी, वॉटरप्रूफिंगचे थर, नाहीतर सरळ प्लास्टिकचा कागद. या कागदाला मी नावं ठेवणार नाही. मुरमाड जमिनीवरची शेततळी ५०० मायक्रॉनच्या कागदाशिवाय पाणी धरत नाहीत, आणि तळेगावच्या पॉलिहाउसमधल्या गुलाबाला बारमाही पाणी लागतं. तिथं कागदच योग्य.

पण बागेतल्या जुन्या दगडी हौदात तो घातला की जुलैत पंचाईत होते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जमीन तुडुंब झाली की खालचं पाणी कागदाला वर ढकलतं आणि तळ्याच्या मधोमध फुगा येतो. सिमेंटचंही तसंच. मऊ चुन्याच्या बांधकामावर कडक सिमेंट बसवलं की दोघांची हालचाल जुळत नाही, आणि भेग सिमेंटच्या कडेनं पुन्हा उघडते. मला खरी खंत वेगळीच वाटते. पाणी उतरताना बघत बसायला आता कुणालाच सवड नाही. टँकर बोलावता येतो, मग रेघ कोण मारणार?

याच मावळात पाणी धरून ठेवण्याची विद्या किती जुनी आहे! भाज्याच्या लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यावर ब्राह्मी लेख आहे: महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्ताचं दान. चैत्यगृह नव्हे, विहार नव्हे, पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं. समोरच्या लोहगडावर नाना फडणवीसांनी बांधवलेलं सोळाकोनी तळं आहे, आणि चुना मळायचा घाणाही गडावर दिसतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत लोहगड आहे. उन्हाळ्यात दुर्गप्रेमी पोरं ठिकठिकाणच्या गडांवर टाक्यांतला गाळ उपसतात, ते बघून ऊर भरून येतो. त्यांना एकच विनंती: तळाचा शेवटचा बारीक थर खरवडून काढू नका. कित्येकदा दगडांच्या सांध्यांतली गळती त्यानंच अडवलेली असते.

गडांच्या डागडुजीमुळे चुन्याचं काम पुन्हा सुरू झालं आहे. तरुण गवंडी सुरकी चाळायला, चुना मुरवायला शिकताहेत. घरच्या हौदासाठीही अशाच माणसाला गाठावं. फक्त त्याला मे अखेरीस बोलावू नये. चुन्याला सावलीत, ओल्या गोणपाटाखाली काही आठवडे लागतात, आणि मृगाचा पाऊस लागला की मावळात उघड्यावरचं काम दसऱ्यापर्यंत बंद.