टोपलीबरोबर काय आणायचं?

सुगी सरली की कोल्हापूर भागातल्या खेड्यापाड्यांच्या ख्रिस्ती मंडळ्यांत उपकारस्तुतीची उपासना होते. व्यासपीठासमोर भात, शेंगा, गुळाची ढेप, उसाची मोळी, एखादी कोंबडीसुद्धा येऊन बसते. उपासना संपली की त्याच वस्तूंचा लिलाव आणि पैसा मंडळीच्या कामाला. पाळक म्हणून माझं काम त्या दिवशी प्रवचनाचं. मी बहुधा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय घेतो.

पहिल्या पिकाची टोपली याजकाच्या हाती देताना शेतकऱ्याने काय बोलायचं, हे तिथे ठरवून दिलंय. तो आधी पिकाबद्दल बोलतच नाही. आपला पूर्वज भटका होता, मिसर देशात आम्ही गुलामी सोसली, देवाने सोडवलं, ही जमीन दिली, असा घराण्याचा इतिहास सांगतो. टोपलीचा विषय शेवटी. त्यानंतर जेवण, त्यात जमिनीचा वाटा नसलेला लेवी आणि गावात राहणारा परका, दोघेही हवेत. लेवीय पुस्तकाचा नियम आणखी कडक आहे: उपकारस्तुतीच्या बळीचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत उरवायचं नाही. अख्खं जनावर एका घराला एका दिवसात कसं संपणार? शेजारीपाजारी बोलवावेच लागतात.

मनापासूनचे आभार मी या दोन गोष्टींवरून ओळखतो: ऋण नाव घेऊन सांगितलं का, आणि ताटात दुसऱ्याला वाटा मिळाला का?

नाव घेण्यात आम्ही कमी पडतो. ‘देवाचे आभार’ म्हणून मोकळं होणं सोपं, पण देवाने ज्यांच्या हातून दिलं ती माणसं मधल्यामध्ये गळतात. 1852 साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा चालवल्या. पुढे 1917 साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आज आमच्या हाती बायबल आहे आणि ते वाचता येतं, त्यामागे अशी किती माणसं उभी आहेत! ती सगळी ख्रिस्ती नव्हती. प्रार्थनेत त्यांची नावं यायला काय हरकत आहे?

कठीण जातं ते 2019 किंवा 2021 सारख्या पुराच्या साली. पंचगंगेच्या पाण्यात ज्याचा उभा ऊस कुजला, त्याने कशाचे आभार मानायचे? पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. पुराबद्दल आभार माना असं तो सांगत नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची गीतं भरपूर आहेत, आणि देवासमोर रडण्याला तिथे मुळीच बंदी नाही. अशा माणसाकडून जबरदस्तीने ‘आमेन’ वदवून घेतलं तर ते ओठांवरच राहतं. त्याने त्या वर्षी हात हलवत यावं, वाटलं तर गप्प बसावं. लिलावाचा पैसा आधी त्याच्या बियाण्याला जावा आणि जेवणात पहिलं पान त्याचं मांडावं. भरल्या टोपल्या आणणाऱ्यांची उपकारस्तुती त्या वर्षी तिथेच पारखली जाते.