उन्हाआधी नाला

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पण तिचं बरंचसं काम पाण्याने फार पूर्वीच करून ठेवलं होतं. दल्ली-राजहऱ्याच्या मूळ खडकात लोह आणि सिलिका यांचे थरावर थर. युगानुयुगं पाणी मुरत राहिलं, सिलिका विरघळून निघून गेली आणि लोह मागे उरलं. म्हणूनच तिथल्या चांगल्या हेमॅटाइटमध्ये लोह साठ टक्क्यांच्या वर मिळतं. शाळेत याला आपण रासायनिक विदारण म्हणायचो आणि दोन मार्कांपुरतं पाठ करायचो.

माझी सासुरवाडी सेक्टर ६ मधली. सासरे याच कारखान्यातून निवृत्त झाले. दरवर्षी पावसाळ्याआधी ते क्वार्टरचं फाटक घासून रंगवतात. "लोखंडाला परत राजहऱ्याला जायची ओढ असते," म्हणतात. गंजाचा रंग पाहिला की ते पटतं.

मागच्या सुट्टीत घासता घासता त्यांनी विचारलं, "जावईबापू, लडाखला पोरांना पहाटे तीनला कशाला बाहेर काढायचात? उजाडल्यावर निघालं तर काय बिघडतं?"

मी सांगितलं ते असं. दिवसा वितळलेलं पाणी खडकाच्या भेगेत शिरतं. रात्री गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाचरीसारखं भेग रुंद करतं. दुसऱ्या दिवशी त्याच भेगेत जास्त पाणी मावतं. असं वर्षानुवर्षं. मात्र सुटलेल्या दगडाला रात्रभर धरून ठेवतो तोही हाच बर्फ. ऊन लागलं की पकड सुटते.

म्हणून कंपनीत आमचा एक नियम होता: नाला उन्हाआधी ओलांडायचा आणि परतताना संध्याकाळी पुन्हा गोठल्यावरच उतरायचं. नवीन आलेले जवान कुरकुरायचे. त्या थंडीत, पाठीवर ओझं घेऊन, कोण नाही कुरकुरणार?

एका सकाळी आम्ही पलीकडे पोचून चहा घेत होतो. समोरच्या कड्यावर ऊन आलं. आधी बारीक खडी घरंगळली, मग कपाटाएवढा धोंडा सुटला आणि तासाभरापूर्वी आमचे बूट उमटले होते ती वाट घेऊनच खाली गेला. कोणी काही बोललं नाही. सुभेदारसाहेबांनी कप खाली ठेवला आणि माणसं मोजली. अठरा. मग पुन्हा एकदा मोजली.