कापसाच्या नावे

निमाडातल्या मनावर गावच्या एका कापूस जिनिंगमध्ये मी 22 वर्षं हिशेब लिहिले. आमचं घराणं मूळचं धारचं. पणजोबा पवारांच्या दरबारी कारकून होते म्हणतात. घरात मराठी, वजनकाट्यावर हिंदी आणि हमालांशी मोडकीतोडकी निमाडी, असा माझा कारभार.

2014 च्या पावसाळ्यात पहिल्यांदा मान खाजू लागली. मग पापण्या, कानामागचा भाग, कोपराच्या आतल्या घड्या. आठ दिवसांत पापण्या अशा सुजल्या की सकाळी आरशात स्वतःचे डोळे शोधावे लागायचे. मानेची कातडी जाड, काळसर आणि खरखरीत झाली. झोपेत इतकं खाजवायचो की उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके पडायचे. गाव निमाडातलं, नोकरी जिनिंगमधली. निदानाला डॉक्टर कशाला हवा? "मुनीमजी, कपास की खुजली है," हमाल म्हणाले आणि मीही मान डोलावली.

त्याला कारण होतं. 2005 च्या अखेरीस काही आरोग्य कार्यकर्ते बडवानी आणि धार जिल्ह्यांतल्या गावांत हिंडले होते. कापूस वेचणारे, वाहणारे, जिनिंगमधले मजूर यांच्या अंगाची खाज, चट्टे, सुजलेले डोळे त्यांनी टिपून घेतले. त्यांचं बोट बीटी कापसाकडे होतं. त्यावर वादही झाला. फवारलेलं औषध, धूळ, वाळल्या पानांचा चुरा असे दुसरेही आरोपी असू शकत होते. आमच्याकडे मात्र निकाल केव्हाच लागला होता.

औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गायब, चार दिवसांनी दामदुप्पट होऊन परत. त्यात जोरदार स्टिरॉइड, जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध, असा तिरंगी काला होता हे मला फार उशिरा कळलं. दोन वर्षं ती ट्यूब चोळून पापण्यांची कातडी पतंगाच्या कागदासारखी झाली. इंदूरची आत्या फोनवर म्हणाली, "अरे, तुला बिब्बा उतला असेल!" तिच्या माहेरी परटाची खूण बिब्ब्याचीच असायची, त्यामुळे ही शंका तिची हक्काची. पण बिब्ब्याचं तेल लागतं तिथेच, ओघळासारखं, फोड येतात. माझ्या अंगावर ओघळ नव्हते.

शेवटी 2016 च्या डिसेंबरात तिनंच मला इंदूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी अंग बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडे नवा कापूस कधी येतो?"

"नवरात्राच्या आगेमागे."

"आणि खाज?"

उत्तर माझ्या पिशवीत होतं. औषधपाण्याचा खर्च मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडतो. तिन्ही वर्षं पहिली ट्यूब आषाढातली. कापसाची पहिली गाडी काट्यावर यायला त्यानंतर दोन-अडीच महिने असत. लोकांच्या जमा-नावेतली चार आण्यांची चूक धरणारा मी, आणि स्वतःची खाज तीन वर्षं कापसाच्या नावे टाकत बसलो होतो.

ते पुढे म्हणाले, "उन्हाचा त्रास असता तर हनुवटीखाली, कानामागे, पापणीवर, म्हणजे सावलीच्या जागा सुटल्या असत्या. तुमच्या तर नेमक्या त्याच धरल्यात. हे हवेतून येतंय."

मग पॅच टेस्ट. 1895 मध्ये याडासोन नावाच्या जर्मन डॉक्टरानं दाखवलेली ही रीत तत्त्वतः आजही तीच आहे: संशयितांना पाठीवर नेऊन बसवायचं आणि वाट बघायची. छोट्या वाट्यांत निकेल, सिमेंटमधलं क्रोमेट, केसांच्या कलपातलं रसायन, सुगंधी द्रव्यं आणि बरंच काही. माझ्या हट्टासाठी गिरणीतली चिमूटभर ओलसर रुईसुद्धा. 48 तास पाठीला पाणी नाही, घाम नाही. आत्याकडे पालथा झोपून पोहे खाल्ले. दोन दिवसांनी पट्ट्या निघाल्या, चौथ्या दिवशी पक्का निकाल. रुई स्वच्छ, निकेल स्वच्छ. एकाच चौकोनात लालभडक सूज आणि पाण्याचे बारीक फोड. गाजर गवत.

हसू आलं. माझ्या खिडकीबाहेर, काट्याच्या मागे, मान नदीच्या उतारापर्यंत दुसरं होतं काय? हे गवत भारतात पसरू लागल्याची नोंद 1956 च्या सुमारास पुण्यात झाली आणि त्यानं उठवलेला त्वचारोगही आधी पुण्याच्या डॉक्टरांनीच हाताळला. म्हणजे दुखणंसुद्धा मराठी माहेरचंच निघालं! पण इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच का? डॉक्टर म्हणाले, अ‍ॅलर्जी उपजत नसते, शरीर ती शिकतं. त्यातलं पार्थेनिन रोज थोडं थोडं अंगाला लागतं आणि एखाद्या पावसाळ्यात शरीर त्याला शत्रू ठरवतं. एकदा शिकलेलं ते सहसा विसरत नाही. वेळीच आवरलं नाही तर पुढे ऊनही सोसत नाही, चेहरा सिंहासारखा जाड वळ्यांचा होतो.

"घरात शेवंती असते का?" हा त्यांचा प्रश्न मला विचित्र वाटला. शेवंती गाजर गवताच्याच कुळातली. आमच्या महालक्ष्म्यांच्या वेण्या दरवर्षी मीच ओवायचो, आणि त्याच आठवड्यात डोळे मिटायचे.

ट्यूब बंद झाली. पापण्यांसाठी टॅक्रोलिमस, अंगासाठी मोजके दिवस सौम्य मलम, आणि आठवड्यातून एकदा अझाथायोप्रिन. त्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि यकृत तपासत राहावं लागतं. माझं टेबल दुसऱ्या बाजूला गेलं. गवत फुलायच्या आत, ओल्या मातीतून मुळासकट उपटून घेतो. ते काम दुसरे करतात, हातमोजे घालून. श्रावणात मेक्सिकन भुंगेरे पानांची चाळण करतात, पण पुढच्या सरीनंतर गवत पुन्हा उभं. मला 12 आणे आराम आहे. वेण्या आता सौ. ओवते, मोगऱ्याच्या.

हे ऐकून गिरणीत एकानं निष्कर्ष काढला, "म्हणजे कपास की खुजली झूठ." ते मला पटत नाही. माझ्या पाठीवर रुई निर्दोष ठरली, एवढंच. वेचणाऱ्या बायकांच्या पाठीवर कुणी चौकोन चिकटवले होते? मला इंदुरात चार दिवस पालथं पडणं परवडलं. किलोच्या हिशेबानं वेचणारीला एक दिवसही परवडत नाही.

गेल्या कार्तिकात गाठोडं काट्यावर टाकून एकीनं मजुरीसाठी हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत भेगा, मनगटापर्यंत चट्टे.

"कब से?" मी विचारलं.

"कपास से," ती म्हणाली.

"वो नहीं. तारीख?"

ती आठवू लागली. सोयाबीन काढायच्या आधी, राखीच्या नंतर. मी वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर, माझ्या खर्चाखाली, तिचं खातं उघडलं.