मावशी, परीस आणि एका मालिकेचे वाचक

बालवाचनाविषयीची आपली चर्चा बहुधा मोठ्यांच्या अपेक्षांची चर्चा असते. पुस्तकाने काय शिकविले, कोणते संस्कार केले, हे समीक्षक विचारतो. मूल गोष्ट पुढे नेते अथवा बाजूला ठेवते. जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' या सात भागांच्या मालिकेविषयी (१९९७ ते २००७) जे लिहिले गेले, त्यात तर खप आणि चित्रपट यांचाच बोलबाला अधिक. ही संहिता एखाद्या विशिष्ट प्रदेशात कोणत्या अनुभवाच्या आधाराने वाचली जाते, या प्रश्नाकडे आपण फारसे वळलेलो नाही.

पहिल्या भागाचे मराठी भाषांतर बाळ ऊर्ध्वरेषे यांनी केले आणि भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने ते 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने प्रसिद्ध केले. 'परीस' ही निवड समर्पक आहे, पण ती निरुपद्रवी नाही. संतकाव्यावर पोसलेल्या मराठी वाचकाच्या लेखी परीस स्पर्श करतो, लोखंडाचे सोने करतो. तो कोणी चोरून नेण्याची वस्तू नसतो. कादंबरीतला दगड सोने देतो, शिवाय आयुष्य वाढविणारे रसायनही देतो, आणि अखेरीस तो नष्ट केला जातो. परीस नष्ट होणे सुखान्त कसा, असे एखाद्या वारकरी आजोबांनी नातवाला विचारले, तर त्या प्रश्नाला अडाणी म्हणून झटकता येणार नाही. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते येथे शीर्षकापाशीच बदललेले असते.

याहून मोठी उलथापालथ एका साध्या नात्याच्या शब्दाने होते. इंग्रजीतील 'आंट' कोणाचीही कोणी असू शकते. मराठीत तिला आत्या, काकू, मामी किंवा मावशी यांपैकी एक व्हावेच लागते. आणि पेट्युनिया ही हॅरीच्या आईची सख्खी बहीण आहे, हे पहिल्याच प्रकरणात सांगितलेले आहे. म्हणजे ती मावशी. 'माय मरो पण मावशी उरो' ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेत पोरक्या भाच्याला जिन्याखालच्या कोंदट जागेत निजविणारी मावशी हे केवळ दुष्टपणाचे चित्र राहत नाही, तो म्हणीचाच भंग ठरतो. 'श्यामची आई'त आईच्या अखेरच्या आजारपणात सेवेला धावून येते ती सखूमावशी. साने गुरुजींना अमळनेरचे मानणाऱ्या खानदेशात हे पुस्तक न वाचलेले घर शोधावे लागेल. मावशीविषयीची वाचकाची समजूत तेथून आलेली असते.

जळगावच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला शिकविणाऱ्या एका प्राध्यापिकेच्या बाबतीत हा प्रश्न सैद्धान्तिक उरला नाही. आई गेली तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. त्यांना वाढविले शिरपूरच्या मावशीने. मावशी शाळेत गेलेली नव्हती. धाकट्या बहिणीला शाळेत घातले, थोरली घरी गुरांमागे राहिली, एवढाच त्या काळचा हिशेब होता. दृष्टी अधू झालेल्या मावशीला संध्याकाळी काहीतरी वाचून दाखवावे, या क्रमात 'परीस' आला. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापर्यंत मावशीने निमूट ऐकले, मग ती म्हणाली, "नही वं माय, आशी मावशी ऱ्हास का?"

हा अभिप्राय वाङ्मयीन नव्हे, असे कोणी म्हणेल. वस्तुतः तो पात्ररचनेवरील नेमका आक्षेप होता. लेखिकेने क्रौर्याला कारण दिलेले नाही, असे मावशीचे म्हणणे होते. आणि पहिल्या भागापुरते ते बरोबरच आहे. मत्सराची पुसट खूण तेथे असली, तरी पेट्युनिया ही परीकथेतल्या सावत्र आईच्या साच्यातच ओतलेली आहे. विनोदासाठी तो साचा पुरतो. मावशीला मात्र तो पुरत नव्हता.

मालिकेचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते ते येथे. एका भागावर बनविलेले मत पुढच्या भागाने मोडते. पाचव्या भागात (२००३) कळते, की हॅरीचे रक्षण त्या घरातच होत होते, कारण तेथे त्याच्या आईचे रक्त नांदत होते. नाखुषीने का होईना, मावशीने त्याला ठेवून घेतले म्हणूनच ते कवच टिकले. म्हण अशा रीतीने कथानकात परत येते. सातव्या भागात त्याहून महत्त्वाची गोष्ट येते. लहानपणी, बहिणीला त्या शाळेत प्रवेश मिळाल्यावर, पेट्युनियाने मलाही घ्या म्हणून मुख्याध्यापकांना पत्र लिहिले होते. नकार आला.

प्राध्यापिकेने हा भाग मावशीला वाचून नव्हे, तोंडीच सांगितला. सांगताना आपण काय सांगत आहोत याची जाणीव त्यांना उशिरा झाली असावी. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "मंग तिनं काय चुकनं?"

या प्रश्नाला उत्तर देता येते. पत्र लिहिणे चुकले नव्हते. चुकले ते दहा वर्षे एका पोराशी वागणे. हे उत्तर बरोबर आहे, आणि प्राध्यापिकेने ते दिले नाही. ज्या बाईने तोच नकार पचवून बहिणीची मुलगी एम. ए. पर्यंत पोचविली, तिच्यासमोर ते उच्चारणे त्यांना औचित्याचे वाटले नाही. वाचकाची करुणा लेखिकेच्या योजनेच्या पलीकडे गेली, असे म्हणावे, की मावशीने ईझरला अभिप्रेत असलेली रिकामी जागा स्वतःच्या आयुष्याने भरली, असे म्हणावे? दुसरे विधान परिभाषेला सोयीचे आहे. पण त्यात मावशीच्या निवाड्याचे वजन हलके होते.

विद्यार्थ्यांची मते वेगळ्या वाटेने गेली. जिन्याखालच्या जागेचे त्यांना विशेष काही वाटले नाही. एका भाड्याच्या खोलीत चौघे राहणाऱ्यांना स्वतंत्र दार हीच चैन वाटली. धाब्याच्या घरात जिन्याखाली जागा असते कुठे, असेही एकाने विचारले.

गंभीर मतभेद निघाला तो 'विच' या शब्दावर. चेटकीण, जादूगारीण, डाकीण: मराठीला पर्याय पुष्कळ आहेत. परंतु १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या अक्कलकुवा-अक्राणी भागात, 'डाकीण' हा अद्भुताचा शब्द नाही. तो ठरवून दिला जातो, आणि ज्या बाईला दिला जातो तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, तरी शब्दाची दहशत सरलेली नाही. हर्मायनीला मात्र याच शब्दाने शाळा मिळते. त्या भागातून आलेल्या एका विद्यार्थ्याने सांगितले, "मॅडम, हे पुस्तक मी घरी नेऊ शकत नाही. गोष्ट सांगितली मात्र आहे."

सौम्य प्रतिशब्द वापरून निभावले असते, असे प्राध्यापिकेने सुचविले. तोंडी कथनात कोणता शब्द घेतलास, असेही विचारले. त्याने कोणताच घेतला नव्हता. आईला आणि धाकट्या बहिणींना त्याने सांगितलेल्या गोष्टीत हॅरी आणि रॉन जादू शिकतात, झाडूवर बसून उडतात. हर्मायनी त्यांच्याच वर्गात आहे, पण त्याच्या कथनात ती केवळ एक हुशार पोरगी आहे. तिच्या हातात त्याने छडी दिलेली नाही.