चिन्हांची नावे

स्वल्पविराम, अर्धविराम, उद्गारचिन्ह ही नावे मोडनिंबच्या या शाळेत गुरुजनांनी आम्हांकडून घोटून घेतली. पुढे व्यवहारात उतरलो तेव्हा संगणकाच्या कळफलकावर आणखी काही चिन्हे भेटली. त्यांचे रूप परिचयाचे, पण नावे इंग्रजी. आजही मुलाखतीसाठी दूरध्वनीवरून ई-मेलचा पत्ता सांगताना कोणी ‘अंडरस्कोअर’ म्हणतो आणि आपल्या वस्तीतील हुशार मूल गप्प होते. चिन्ह त्याने पाहिलेले असते, नाव ऐकलेले नसते. विचारावे, तर संकोच आड येतो.

वास्तविक या नावांत गूढ असे काही नाही. @ हे मूळचे व्यापारी हिशेबातील ‘दराने’ या अर्थाचे चिन्ह. म्हणून आपल्याकडे ‘ॲट द रेट’ म्हणतात. इतरत्र नुसते ‘ॲट’ पुरते. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी ते ई-मेलच्या पत्त्यात योजिले. & म्हणजे ‘अँपरसँड’. ‘आणि’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातील दोन अक्षरे जुळून ते झाले, जणू आपले जोडाक्षरच. * म्हणजे ‘ॲस्टरिस्क’, ग्रीक भाषेत लहान तारा. आपल्या विधिमंडळातील ‘तारांकित प्रश्न’ याच ताऱ्याचा. अर्जातील ज्या रकान्यापुढे तो असेल, तो भरणे अनिवार्य. # म्हणजे ‘हॅश’. इंग्रजीत आकड्यापूर्वी आले की ‘क्रमांक’ असे वाचावे. टंकयंत्रावर शब्द अधोरेखित करण्यासाठी असलेली खालची रेघ म्हणजे ‘अंडरस्कोअर’. मधली आखूड रेघ ‘हायफन’. उजवीकडे कललेली / ती ‘स्लॅश’, डावीकडे कललेली \ ती ‘बॅकस्लॅश’. एकीच्या जागी दुसरी पडली, तर पत्ता चुकतो आणि अर्ज अडतो.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांचे आपण वारस. पूज्य बाबासाहेबांनी शिक्षणाचे दार उघडून दिले. त्या दाराच्या आत एखाद्या रेघेचे नाव ठाऊक नाही म्हणून कोणी थबकू नये. जे नावानिशी सांगता येते, ते निर्भयपणे विचारताही येते. म्हणून आम्हां माजी विद्यार्थ्यांची विनंती आहे की, शाळेच्या संगणककक्षात या चिन्हांचा, नावांचा व उपयोगांचा एक मोठा मराठी फलक लागावा. त्याचा खर्च आम्ही आनंदाने उचलू, आणि पालकांनीही मुलांसोबत तो एकदा मोठ्याने वाचावा.

नमो बुद्धाय! जयभीम!