पिठाचा कोंबडा आणि संगणक

२०२५ चे दशलक्षण पर्व आटोपून चार दिवस झाले होते. सकाळी दुकान उघडून मी गादीवर बसलो, तोच चिरंजीवांनी एक कागद पुढे ठेवला. कागदावर संगणकाच्या सुट्या भागांची यादी होती आणि खाली बेरीज होती ८२,००० रुपये. त्याला संगणकावरील खेळांच्या स्पर्धांत उतरायचे होते आणि आपला खेळ इतरांना थेट दाखवायचाही होता. बारावीनंतरच्या दोन वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच वस्तू होती.

मी यादी न वाचता आधी आकडा ठरवला. आपल्याकडे परिग्रहपरिमाण व्रत आहे. त्याचा अर्थ मी एवढाच समजतो की, वस्तू पाहून मर्यादा ठरवू नये, मर्यादा ठरवून मग वस्तू पाहावी. म्हटले, “साठ हजार. पडद्यापासून तारेपर्यंत सगळे त्यात बसले पाहिजे.” त्याने मान डोलावली. पैशाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. खरा प्रश्न संध्याकाळी आईने विचारला.

“त्या खेळात करतात काय?” आईने विचारले. नातवाने मोबाईलवर दाखवले. बंदुका, बॉम्ब, पडणारी माणसे. तो म्हणाला, “आजी, खरंच कोणी मरत नाही. नुसतं चित्र आहे.” आई शांतपणे म्हणाली, “यशोधर राजाचा कोंबडाही पिठाचाच होता.”

सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’मुळे ही कथा आपल्या समाजात घरोघरी पोहोचली आहे. उज्जयिनीचा राजा यशोधर पशुबळी द्यायला तयार नव्हता. मातेच्या आग्रहाखातर त्याने पिठाचा कोंबडा करून देवीपुढे मारला. रक्ताचा थेंब सांडला नाही, पण मारण्याचा भाव झाला आणि त्यापायी मायलेकांना कित्येक जन्म पशुयोनीत फिरावे लागले. शिवाय अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान आहे, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. साधन मीच घेऊन देणार होतो. त्यामुळे आईचा प्रश्न नातवापेक्षा मलाच अधिक होता.

मुलगाही तयारीने आला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांमधील एक प्रकार म्हणून मान्यता दिली, हांगझोऊच्या आशियाई खेळांत त्यासाठी पदके ठेवली होती, आणि त्याआधी २०१८ मध्ये जकार्ता येथे प्रदर्शनीय स्पर्धेत कच्छच्या तीर्थ मेहता यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले, हे सारे त्याने सांगितले. पैसे लावण्याचे खेळ वेगळे आणि ई-स्पोर्ट्स वेगळे, हा भेद ऑगस्ट २०२५ च्या नव्या कायद्यानेही केला आहे, हेही त्याने दाखवले. पैशाच्या खेळांवर त्या कायद्याने बंदीच घातली आहे. जुगाराची माझी शंका त्यामुळे फिटली. हिंसेची शंका मात्र कायद्याने फिटणारी नव्हती.

ती फिटली मुलाच्याच एका वाक्याने. आमच्या शहापूरला लागून जवाहरनगरची आयुधनिर्माणी आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी तेथे स्फोट झाला आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. दुकानाचे शटर थरथरले होते. निर्माणीतील कितीतरी घरांचे महिन्याचे सामान आमच्याकडून जाते. त्या दिवशी वहीतली पाने उलटताना कोणाच्या नावावर बोट थांबेल, याची मला भीती वाटत होती. आठ महिन्यांनी, आजीच्या शेजारी बसून, मुलगा खाली पाहत म्हणाला, “बाबा, त्या दिवशी मी हेडफोन लावून खेळत होतो. मला वाटलं, खेळातलाच आवाज आहे. मी खेळत राहिलो.”

कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याने स्वतःच यादीवरील दोन खेळांवर रेघ मारली. उरले मोटारींनी चेंडू गोलात मारायचा ‘रॉकेट लीग’, फुटबॉल आणि बुद्धिबळ. तीर्थ मेहतांचे पदकही पत्त्यांच्या धर्तीवरील ‘हार्थस्टोन’ या खेळातले होते. आणि त्याच जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर पद मिळवले होते, तेव्हा बुद्धिबळाला आमच्या घरात वेगळ्या शिफारशीची गरज नव्हती.

खेळ बदलले तशी यादीही उतरली, कारण हे खेळ यंत्रावर फार भार टाकत नाहीत. यंत्र निवडताना व्यापाऱ्याला उपयोगी पडेल असे जे शिकलो, ते येथे नोंदवतो.

स्पर्धेसाठी चित्र किती सुंदर दिसते यापेक्षा ते किती वेळा बदलते, हे महत्त्वाचे. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दोन चित्रांत सुमारे १७ मिलिसेकंदांचे अंतर. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर हेच अंतर सातवर येते. म्हणून २४ इंची, १४४ हर्ट्झचा पडदा घेतला आणि रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे यादीतून काढले. प्रोसेसर सहा कोअरचा रायझन ५ ५६०० घेतला. रॅम १६ जीबीची, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या, कारण दोन पट्ट्यांतून माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. एकूण रकमेचा सुमारे एक तृतीयांश ग्राफिक कार्डावर गेला. आरटीएक्स ३०५० चे ८ जीबीचे कार्ड निवडण्याचे कारण थेट प्रक्षेपण हे होते. खेळाचे चित्र आकसून इंटरनेटवर पाठवण्यासाठी त्या कार्डात स्वतंत्र विभाग असतो, त्यामुळे खेळाचा वेग फारसा मंदावत नाही. प्रक्षेपणाचा ओबीएस हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. चांगल्या चित्रासाठी माहिती वर पाठवण्याचा वेग सेकंदाला सहा मेगाबिटच्या वर, अखंड हवा. म्हणून वायफायवर न विसंबता राउटरपासून खोलीपर्यंत तार ओढली.

नवख्या ग्राहकाची काटकसर नेमकी एसएमपीएसवर होते, आणि ती करू नये. आमच्याकडे विजेचा दाब वरखाली होतो आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. प्रमाणपत्र असलेला एसएमपीएस, पुढून जाळीची पेटी आणि १००० व्हीएचा यूपीएस यांसाठी पैसे आधीच बाजूला काढले. खेळताना यंत्र साधारण ३०० वॅट घेते, म्हणजे तीन तासांना एक युनिट. कीबोर्ड दुकानातला जुनाच ठेवला.

खरेदीला नागपूरला गेलो. भाव ठरल्यावर विक्रेत्याने हळूच विचारले, “पक्के बिल की कच्चे?” कच्च्यात काही हजारांची बचत होती. वॉरंटीचा विचार करून मी पक्के म्हणालो. तेवढ्यात मनात दुसरा हिशेब आला. बिल पेढीच्या नावाने घेतले, तर अठरा टक्क्यांप्रमाणे सुमारे नऊ हजारांचा कर परत वळता करून घेता येईल. मी जीएसटी क्रमांक सांगायला तोंड उघडले.

मुलगा बाजूलाच उभा होता. त्याने विचारले, “बाबा, हा दुकानात लागणार आहे का?”

स्वतःच्या वापराच्या वस्तूवर ही वळती मिळत नाही, हे मला ठाऊक होते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबर राज्याच्या नियमांचे उल्लंघनही सांगितले आहे. माप मी आयुष्यभर चोख ठेवले, पण या दुसऱ्या गोष्टीला अनेकदा ‘व्यवहार’ म्हणून पुढे गेलो. मुलाने दोन आवडते खेळ सोडले होते आणि मला नऊ हजार सुटत नव्हते. मी विक्रेत्याला म्हटले, “बिल याच्या नावाने करा.” एकूण झाले ५९,४०० रुपये.

घरी नियम थोडेच केले. सूर्यास्तापूर्वी जेवण सर्वांबरोबर, सामना कितीही रंगला असो. एका बैठकीला अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे एका सामायिकाचा काळ, मग उठून डोळ्यांना विश्रांती. चतुर्दशीला यंत्र बंद. दोन स्पर्धा संध्याकाळच्या होत्या म्हणून त्याच्या हातून गेल्या. त्याचे त्याला वाईट वाटले, मलाही वाटले.

पहिल्या प्रक्षेपणाला अकरा प्रेक्षक होते, त्यांतले चार आमच्याच घरातले. आई खुर्ची ओढून त्याच्या मागे बसली होती. त्याची मोटार भिंतीवर आदळून उडाली तेव्हा तिने विचारले, “आत कोणी बसलंय का रे?”

“नाही आजी, रिकामी आहे.”

“मग चालू दे,” ती म्हणाली, आणि तिने जपमाळ हातात घेतली. त्याने मात्र हेडफोनचा एक कान बाजूला सरकवून ठेवला होता. आजही तो तसाच खेळतो.